सबाल्टर्न म्हणताय, पण कुणाच्या हाताखालचा?

धारावीच्या पुनर्विकासावरून जी भांडणं चालू आहेत त्यात घर किती फुटांचं, कुठे, कधी, डेव्हलपरच्या पदरात किती, हे सगळं आहेच. पण त्याच्या आडून आणखी एक भांडण चाललंय आणि ते एका इंग्रजी शब्दावरून आहे, ज्याचा अर्थ लोक साधारण दबलेला, तळागाळातला असा घेतात. सबाल्टर्न. एका बाजूचे म्हणतात अख्खी धारावीच सबाल्टर्न आहे आणि ज्याला हे पटत नाही तो बिल्डरचा माणूस. दुसऱ्या बाजूचे म्हणतात कसले डोंबलाचे सबाल्टर्न, चामड्याच्या एकेका गाळ्याची उलाढाल बघा, घरात एसी बघा, हे सबाल्टर्न तर मग वीस वर्षं होमलोन फेडत फास्ट लोकलला लटकणारे आम्ही कोण? तिसरा एक छोटा गट आहे, तो म्हणतो शब्दच परका आहे, आधी मराठीत बोला मग बघू. तिघंही तावातावाने बोलतायत आणि गंमत म्हणजे तिघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलीये, की सबाल्टर्न हा माणसाच्या किंवा वस्तीच्या कपाळावर मारायचा शिक्का आहे, एकदा बसला की बसला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तो शिक्का नाहीये, ते नातं आहे. आपल्या बोलण्यात 'हाताखालचा' असा शब्द आहे आणि ऑफिसात कुणी नुसतं 'तो हाताखालचा आहे' म्हणालं तर ऐकणारा लगेच विचारणार, कुणाच्या? उत्तर मिळेपर्यंत वाक्य पुरं होत नाही. सबाल्टर्नचंही तसंच आहे. खुशाल वापरा, मला परक्या शब्दांचं वावडं नाही, पण कुणाच्या हाताखालचा हे सांगता येत नसेल तिथे वापरू नका. आणि ज्या लोकांनी भांडून-झगडून स्वतःचं नाव स्वतः ठेवलंय त्यांच्या नावाच्या जागी तर बिलकूल वापरू नका.

शब्दाचं मूळ बघितलं तर हे जास्त नीट कळतं. लॅटिनमध्ये सब म्हणजे खाली आणि आल्टर्नुस म्हणजे एकामागून एक येणारा, आपण ऑल्टरनेट म्हणतो तो त्याच घरातला. दोन्ही जोडलं की एकाखाली एक अशी उतरंड झाली. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला, त्याने जगातल्या वस्तूंचं वर्गीकरण कसं करायचं ते सांगितलं. सगळ्यात वर द्रव्य, त्याच्या पोटात शरीर, मग सजीव, मग प्राणी, आणि सगळ्यात खाली मनुष्य. आता 'प्राणी' हा वर्ग सजीवांच्या मानाने खालचा पण मनुष्याच्या मानाने वरचा. पुढे सहाव्या शतकात बोएथियसने हे लॅटिनमध्ये आणलं तेव्हा असे जे मधले वर्ग, जे कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली, त्यांना सबाल्टर्न म्हटलं. सगळ्यात वरचा सबाल्टर्न नाही आणि, इथे नीट बघा, सगळ्यात खालचाही नाही! कुंभारवाड्यात उतरंड रचलेली असते त्यातलं मधलं मडकं घ्या, त्याच्यावर भार आहे आणि त्याचाही कुणावर तरी भार आहे, तसं हे. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण 'तळागाळातला' असं काहीतरी सुचवायला जातो तो जन्मला तेव्हा मधल्या पायरीचं नाव होता.

हे वाचून कुणाला बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमता आठवली असेल तर बरोबरच आठवली. जातिव्यवस्था टिकते कशी, तर प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी दिलेलं असतं, त्यामुळे वरच्याचा भार झुगारायला सगळे एकत्र येतच नाहीत, कारण झुगारलं तर आपलाही वरपणा जाणार. साधी विषमता असती तर तळाचे सगळे एका बाजूला झाले असते. पण चढत्या क्रमाने आदर आणि उतरत्या क्रमाने तिरस्कार अशी जिथे रचना आहे तिथे 'तळाचे सगळे' अशी टोळी आपोआप तयार होत नाही, ती करावी लागते.

आता हाच चष्मा लावून धारावीकडे बघू. तळमजल्यावर राहणारा, १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असलेला, तो पात्र, त्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर फुकट. त्याच्या डोक्यावर पोटमाळा, बाहेरून उभी लोखंडी शिडी, इतकी उभी की सामान घेऊन चढताना पिशवी दातात धरावी लागते, आणि त्या पोटमाळ्यावर भाड्याने राहणारी पाच-सहा पोरं, कुणी बिहारचं, कुणी तामिळनाडूचं, कुणी आपल्याच मराठवाड्यातलं. त्यांचा हिशोब वेगळा. वरच्या मजल्यांसाठी निराळी तारीख, निराळी अट, घर धारावीच्या बाहेर आणि तेही भाडं भरत भरत हप्त्याने विकत घ्यायचं. म्हणजे मजा अशी की खालच्या मजल्यावरचा वरचा आणि वरच्या मजल्यावरचा खालचा. डेव्हलपर आणि सरकारसमोर तळमजल्यावाला हाताखालचाच आहे, त्याच्या हातात एक कागद सोडून काही नाही आणि तो कागदही कुणीतरी 'खोटा' म्हणू शकतं. पण दर महिन्याच्या पाच तारखेला पोटमाळ्याचं भाडं घ्यायला तोच शिडीखाली उभा असतो आणि रिकामं कर म्हणाला तर वरच्याला त्याच दिवशी गोणी भरावी लागते. आता सांगा, सबाल्टर्न कोण? 'अख्खी धारावी' म्हणणारा पोटमाळ्यावरच्याला गायब करतो. 'एसी आहे, कसला सबाल्टर्न' म्हणणारा पात्र-अपात्रतेच्या रांगेत तासन् तास उभ्या असलेल्याला गायब करतो. दोघांच्याही बाजूने अर्धं खरं आहे आणि म्हणूनच दोघंही हटत नाहीत.

एसीचा मुद्दा मी झटकून टाकत नाहीये, त्यात दम आहे. वस्तीत पैसा आहे, काहींकडे आमच्यासारख्या नोकरदारांपेक्षा जास्त आहे, आणि 'बिच्चारे झोपडीवाले' हा सूर धारावीतल्या माणसाला स्वतःलाच आवडत नाही. पण पैसा आणि हाताखाली असणं या दोन गोष्टी एकच आहेत असं कुणी सांगितलं? कमाई चांगली असून ज्याचं घर कुठे असणार हे दुसऱ्यानेच ठरवायचं, त्या बाबतीत तो हाताखालचाच. उलट पगार तुटपुंजा असून चाळीच्या कमिटीत शब्द चालणारे लोक आपण काय कमी पाहिलेत?

या शब्दाचा आणखी एक जन्म तर्कशास्त्रातला आहे आणि तो मला जास्त आवडतो. 'सगळ्या लोकल वेळेवर आहेत' हे वरचं विधान. 'काही लोकल वेळेवर आहेत' हे त्याच्या हाताखालचं, त्याला सबाल्टर्न म्हणतात. नियम असा की वरचं खरं असेल तर खालचं खरं असणारच. उलट चालत नाही, काही वेळेवर आहेत म्हणून सगळ्या आहेत असं होत नाही. पण 'काही लोकल वेळेवर आहेत' हेच खोटं ठरलं तर वरचं विधान आपोआप कोसळलं. खरेपणा वरून खाली येतो आणि खोटेपणा खालून वर जातो. वरच्याचा दावा खोटा पाडायची ताकद खालच्यात आहे, फक्त त्याची तपासणी व्हायला पाहिजे.

यात एक ग्यानबाची मेख आहे. 'सगळे' म्हणायलाही निदान एक तरी हवा, हे जुन्या तर्कशास्त्राने धरून चाललं होतं. आधुनिक तर्कशास्त्र म्हणतं, नाही, 'सगळे' म्हणण्यासाठी एकही असावा लागत नाही. उदाहरण देतो. 'आमच्या सोसायटीत सगळ्या मुसलमान आणि दलित भाडेकरूंना अगदी समान वागणूक मिळते.' सोसायटीत असा एकही भाडेकरू नसेल तर हे विधान तर्काने खरं आहे! शंभर टक्के खरं! मुंबईत अशी खरी विधानं किती मिळतील, दादर-पार्ल्यापासून थेट घोडबंदर रोडपर्यंत. 'आम्ही जातपात मानत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं वाक्य याच प्रकारात बसतं आणि ते खोटं बोलत नाहीयेत, हीच तर अडचण आहे.

तिसरा अर्थ लष्करातला. ब्रिटिश सैन्यात कॅप्टनच्या खालचे अधिकारी, म्हणजे लेफ्टनंट आणि सेकंड लेफ्टनंट, ते सबाल्टर्न. हा काही रांगेतला शिपाई नव्हे. अधिकारी आहे, मेसमध्ये जेवतो, शिपाई त्याला सलाम ठोकतो. आणि हिंदुस्थानी फौजेत तर वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला, केस पांढरे झालेला सुभेदारसुद्धा नुकत्याच विलायतेहून उतरलेल्या कोवळ्या सबाल्टर्नच्या हाताखालचा. महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, यांचा हुद्दा याच पायरीवरचा. म्हणजे लष्कराच्या भाषेत ते सबाल्टर्नच्याही खाली, गावच्या भाषेत अस्पृश्य आणि शाळेतल्या पोरांसाठी हेडमास्तर. तीन नाती, तीन जागा, माणूस एकच. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला अर्ज लिहिला तो याच अन्यायावर. आणि दुसऱ्या टोकाला बघा, १९४५ साली दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ बायकांच्या सहायक दलात दाखल झाली, ट्रक चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली, तिचा अधिकृत हुद्दा काय होता माहितीये? सेकंड सबाल्टर्न. उद्याची राणी कागदोपत्री सबाल्टर्न! शिक्का म्हणून बघाल तर हसू येईल, नातं म्हणून बघाल तर काहीच चुकीचं नाही, त्या दलात तिच्या वर अधिकारी होते.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि बरोबर म्हणणार, की शब्दाचं मूळ काढून आजचा अर्थ ठरत नसतो. साहस म्हणजे जुन्या धर्मशास्त्रात बळजोरीचा गुन्हा होता, मारहाण, दरोडा वगैरे, आज आपण साहसी पोराला बक्षीस देतो. मग सबाल्टर्न पूर्वी मधल्या पायरीला म्हणत असतील, आज तळाच्याला म्हणतात, बिघडलं कुठे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नुसत्या लॅटिनच्या जोरावर मी हा वाद घालत असतो तर हरलो असतो. पण ज्या माणसांनी या शब्दाला आजचा अर्थ दिला त्यांनीच तो नात्याच्या अर्थाने दिलाय, हे माझं खरं उत्तर.

इटलीतला कम्युनिस्ट विचारवंत अंतोनियो ग्राम्शी १९२६ मध्ये मुसोलिनीच्या तुरुंगात गेला आणि तिथे त्याने वह्याच्या वह्या भरल्या. असं नेहमी सांगितलं जातं की सेन्सॉरच्या नजरेतून सुटावं म्हणून कामगारवर्ग न लिहिता त्याने सबाल्टर्न लिहिलं. म्हणजे नुसता कोडवर्ड. पण सबाल्टर्न गटांच्या इतिहासावरची त्याची १९३४ ची वही या गोष्टीत बसत नाही, तिच्यात रोममधले गुलाम आहेत, मध्ययुगातली शहरं आहेत आणि दाविद लाझारेत्ती नावाचा टस्कनीतला एक गाडीवानही आहे, जो धर्मोपदेशक झाला, अमियाताच्या डोंगरावर त्याच्यामागे गरीब शेतकरी जमले आणि १८७८ मध्ये पोलिसांनी त्याला गोळी घातली. ग्राम्शीचा राग कशावर? तर शिकलेल्या लोकांनी त्याला वेडा ठरवून फाईल बंद केली, इतके लोक त्याच्यामागे का गेले हे विचारलंच नाही यावर. म्हणजे ग्राम्शी विचारत होता ते राज्यकर्ते आणि त्यांच्या हाताखालचे यांच्या नात्याबद्दल. नुसतं गरिबाला नाव द्यायचं असतं तर एवढ्या वह्या कशाला भरल्या असत्या?

मग १९८२. रणजित गुहा आणि त्यांच्या सोबतच्या इतिहासकारांनी सबाल्टर्न स्टडीजचा पहिला खंड काढला आणि तिथून हा शब्द आपल्याकडच्या विद्यापीठांत शिरला. गुहांनी सुरुवातीलाच सांगितलंय की हे अधीन असण्याच्या गुणाचं नाव आहे, मग तो वर्ग, जात, वय, लिंग, हुद्दा किंवा आणखी कुठल्याही रूपात दिसो. वय आणि हुद्दासुद्धा! म्हणजे सासूसमोर नवी सून, हेडक्लार्कसमोर शिपाई, सगळं आलं. गुण म्हणताय ना, मग तो कुणाच्या तरी संदर्भातच असणार. पुढच्या लोकांनी काय केलं तर गुणाचं नाम केलं, नामाची जमात केली आणि जमातीवर सेमिनार भरवले. हे वाक्य जरा कडू झालं, असू दे.

गुहांच्या कामाचं मोल मात्र कमी करायचं नाही. त्याआधी स्वातंत्र्याचा इतिहास म्हणजे एक तर साहेबांच्या फायली नाहीतर पुढाऱ्यांची भाषणं. शेतकरी उठला तर तो 'भडकला', कुणीतरी भडकवला म्हणूनच, स्वतःच्या डोक्याने तर उठणारच नाही असं गृहीत. ते या मंडळींनी मोडलं. आणि सगळ्यांना एका नजरेत घेणारं एक मोठं नाव लागतं हाही मुद्दा खरा, कारण आदिवासी, ऊसतोड बाई, सफाई कामगार, कर्जबाजारी शेतकरी यांना वेगवेगळं ठेवलं की वरच्याचं फावतंच. पण असं मोठं नाव आपल्याकडे नव्हतं का? १९७२ साली याच मुंबईत दलित पँथर ही संघटना निघाली. १९७३ च्या जाहीरनाम्यात त्यांनी दलित कोण हे सांगितलं तेव्हा त्यात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर, स्त्रिया, आणि राजकीय, आर्थिक आणि धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे घेतले. गुहांच्या नऊ वर्षं आधी. छत्री होती, ती मुंबईतल्या पोरांनी, कामाठीपुऱ्याच्या आणि वडाळ्या-नायगावच्या बाजूच्या पोरांनी स्वतः उघडली होती. तिच्यावर नाव त्यांनी स्वतः घातलं होतं.

आणि त्या नावाचं काय झालं ते बघा. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातल्या एका प्रकरणानंतर केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याने चॅनलांना सल्ला पाठवला की दलित शब्द टाळा, अनुसूचित जाती म्हणा. म्हणजे सरकारी कागदावर अनुसूचित जाती, इंग्रजी सेमिनारात सबाल्टर्न, आणि मधल्या मध्ये लोकांनी स्वतःहून उचललेलं नाव गुल. दोन्हीकडचे हेतू वेगळे असतील, मी मानतो, पण निकाल एकच. अनुसूचित म्हटलं की अन्याय कुणी केला हे विचारावं लागत नाही. सबाल्टर्न म्हटलं की जातीचं नाव तोंडातून काढावं लागत नाही. दोन्ही शब्द सभ्य आहेत आणि त्यांच्या सभ्यपणाचाच मला त्रास होतो.

जात झाकली गेली की काय होतं याचं उदाहरण द्यायला मुंबईच्या बाहेर जायची गरज नाही. पूर्वीच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला. मागावरचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं शटल, चालतो, त्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायला बोट चालत नाही, सुई चालत नाही, भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, सूत जिभेवर येतं. दिवसात कितीतरी वेळा. तोच धोटा पुढच्या पाळीला दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खातं बंद! मालकाने बंद केलं नव्हतं, मालकाला कापडाशी मतलब, ते बंद ठेवलं होतं सोबतच्या कामगारांनी. कामगार म्हणून खांद्याला खांदा लावून लढणारे, लाल बावट्याखाली एकत्र येणारे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा तो कुरकुरत का होईना मागण्यांत घेतला गेला. आता 'गिरणी कामगार सबाल्टर्न होता' हे वाक्य खरं आहे की खोटं? मालकासमोर खरं. जॉबरसमोर खरं, तो भरती करायचा, लाच खायचा, खोलीही मिळवून द्यायचा आणि स्वतः वीव्हिंग मास्तरसमोर मान खाली घालायचा. पण धोट्यासमोर? तिथे सवर्ण विणकर वरचा होता आणि पेटी-तिजोरी काही नसताना वरचा होता. 'मालकाविरुद्ध एकजूट महत्त्वाची, हे घरातलं नंतर बघू' असं तेव्हाही सांगितलं गेलं. एकजूट महत्त्वाची होतीच, मी नाही म्हणत नाही, पण ज्याला खात्याच्या दारातच अडवलंय त्याने 'नंतर' कधीपर्यंत थांबायचं?

या सगळ्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे सबाल्टर्न बोलू शकतो का. १९८८ साली विचारवंत गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी याच प्रश्नाचं शीर्षक देऊन निबंध लिहिला आणि उत्तर नाही असं दिलं, त्यावर लोक अजून चिडतात. पण त्या निबंधातली मुलगी कुणी वाचली का? भुवनेश्वरी भादुरी, १९२६, कलकत्ता. क्रांतिकारी गटात होती, सोपवलेलं काम होईना म्हणून तिने गळफास घेतला. पण त्याआधी ती थांबली, पाळी येईपर्यंत थांबली, म्हणजे लग्नाआधी दिवस गेले म्हणून मेली असं कुणी म्हणू नये. स्वतःच्या शरीराने पुरावा ठेवून गेली. आणि तरी नंतर घरच्यांनी तेच सांगितलं, काहीतरी प्रेमप्रकरण असणार. बोलली नाही का ती? बोलली. ऐकणाऱ्याचा कान त्या बोलण्यासाठी बनलेलाच नव्हता. म्हणजे पुन्हा नातंच, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातलं. स्पिवाक यांनी स्वतःही नंतर सांगितलंय की हा शब्द म्हणजे पीडिताचं भारदस्त नाव नव्हे.

आपल्याकडे तर हे डोळ्यासमोर आहे. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने, फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तो १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत बाबासाहेबांचं मूकनायक हे पाक्षिक निघालं, वर तुकोबांचे शब्द, निःशंक तोंड वाजवल्याचे. नाव मुक्यांचा नायक आणि काम तोंड वाजवण्याचं. त्याची जाहिरात केसरीने पैसे देऊनही छापली नाही. पैसे देऊनही! म्हणजे बोलायची सोय केली, अंक काढला, जाहिरातीचे पैसे मोजले आणि तरी ऐकणाऱ्याने दार लावलं. १९४६ च्या फेब्रुवारीत कुलाब्याच्या तलवार या नौदल तळावर खलाशी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या यावरून उठले, पाहता पाहता बंदरातल्या जहाजांवर पसरलं, परळ-लालबागचे कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले आणि गोळीबारात मेले. तेव्हा मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी सल्ला दिला शरण जा. सल्ल्यामागे कारणं होती, सत्तांतर तोंडावर आलेलं, फौजेत बेशिस्त नको, ती समजू शकतात. पण उद्याच्या सरकारनेही त्या खलाशांकडे अधिकाऱ्याच्याच नजरेने बघितलं हे काही नाकारता येत नाही.

परक्या शब्दाला हाकलणाऱ्या मंडळींसाठी फार वेळ घालवत नाही. त्यांचा एक मुद्दा पटतो, की ज्याच्यावर लिहिताय त्यालाच वाचता येत नसेल असं लिहिणं हे वरून खाली लिहिणंच झालं. पण परका म्हणून नको? मग मजूर, मालक, गुलाम हे कुठले? फारसी-अरबीतून आलेले. जोतीरावांनी १८७३ मध्ये पुस्तकाला नावच गुलामगिरी दिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. परका शब्द, परका देश, आणि निशाणा मात्र बरोबर पुण्यातल्या भटशाहीवर. शब्द परका असला तरी तो रोखलाय कुणाकडे हे जोतीरावांना माहीत होतं.

आणि ते माहीत नसलं की काय होतं ते २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीत जेएनयूमध्ये दिसलं. स्पिवाक यांचंच व्याख्यान, विषय अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस. एक विद्यार्थी प्रश्न विचारायला उठला, त्याने नाव फ्रेंच धाटणीने उच्चारलं, बाईंनी उच्चार दुरुस्त केला, मग परत केला, आणि प्रश्न बाजूलाच राहिला. ड्यू बॉईसना स्वतःला तोच उच्चार हवा होता हे खरं, आणि माणसाचं नाव त्याला हवं तसं नीट उच्चारा म्हणणं काही गुन्हा नाही. पण पुढे सोशल मीडियावर जे झालं ते बघा. त्याची जात काय, आडनाव काय, घरची परिस्थिती काय, तो खरंच सबाल्टर्न आहे का. मग तिची जात काय, पगार काय, तिला सबाल्टर्नवर बोलायचा हक्क काय. आठवडाभर दोन्ही बाजूंनी दाखले तपासले गेले, जणू तहसीलदाराच्या कचेरीत बसलोय. त्या सभागृहात कुणाचं बोलणं मध्येच थांबवता येत होतं आणि कुणाचं नाही, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं, त्याला कुणाचाही दाखला लागत नाही. आणि त्या मुलाचा प्रश्न मुळात काय होता, हे त्या वादात शेकड्याने पोस्टी टाकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल.